हातोड्याची निशाणी

पुण्याच्या टिंबर मार्केटात सागाच्या फळीचा भाव विचारला की दुकानदार आधी तिचं कूळ सांगतो. बर्मा, घाना, आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, सीपी. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांचा मध्यप्रांत. १९५० साली त्याचा मध्य प्रदेश झाला, १९५६ साली त्यातला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. नकाशावरून प्रांत गेला, पण लाकडाच्या बाजारात तो अजून शाबूत आहे. आमच्या चंद्रपूर-बल्लारपूरकडे मात्र सीपी टीक कुणी म्हणत नाही. आम्ही आलापल्लीचा साग म्हणतो.

माझे आजोबा या सागाचे नोकर होते. आधी नाकेदार, म्हणजे आताच्या भाषेत वनरक्षक, आणि उतारवयात बल्लारशाच्या लाकूड डेपोत मुन्शी. १९४१ साली ते खात्यात लागले तेव्हा जिल्ह्याचं नाव चांदा होतं, महायुद्ध चालू होतं आणि लष्कराला लाकूड कमी पडत होतं. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टींत वाघ फार थोडा असायचा. पाहुणे आले की पोरं वाघाची गोष्ट मागायची, आणि आजोबा हातोड्याची सांगायचे.

हातोडा म्हणजे खिळे ठोकायचा नव्हे. एका टोकाला अक्षरं आणि आकडे कोरलेला, वनखात्याचा. कूप, म्हणजे जंगलाचा त्या वर्षी तोडायचा तुकडा, तोडायच्या आधी साहेब, नाकेदार आणि दोन मजूर जंगलात फिरत. जे झाड तोडायचं त्याची साल छातीच्या उंचीवर तासायची, गोलाई मोजायची, नंबर टाकायचा आणि हातोडा मारायचा. दुसरा घाव बुडाशी, जमिनीलगत. बुडाचा महत्त्वाचा, कारण झाड पडून ओंडका निघून गेला तरी थुट जागेवर राहतं आणि थुटावर निशाणी राहते. पुढच्या वर्षी तपासणीला येणारा अधिकारी झाडं मोजत नाही, थुटं मोजतो. निशाणीचं थुट म्हणजे सरकारी तोड, बिननिशाणीचं म्हणजे चोरी. चोरीचं थुट ज्याच्या बीटात, म्हणजे राखणीच्या हद्दीत, सापडेल त्याने जबाब द्यायचा. ओंडका डेपोत आला की त्याच्या तोंडावर पुन्हा नंबर, लांबी, गोलाई आणि हातोडा. लिलावात माल घेतलेल्या व्यापाऱ्याची गाडी निघताना पुन्हा एक वेगळा हातोडा, आणि सोबत वाहतुकीचा पास. त्याला सगळे टीपी म्हणतात. नाक्यावर टीपीवरचे नग आणि गाडीतले नग जुळले नाहीत तर गाडी तिथेच उभी.

हातोडा हरवणं हा खात्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. ज्याच्या हाती तो लागेल तो उभं जंगल कायदेशीर करून विकू शकतो. म्हणून दौऱ्यावर असताना आजोबा तो उशाखाली घेऊन झोपत. आजी सांगायची, ‘‘घरी आले तरी तेच. उशाशी हातोडा, अन् मी खाली चटईवर.’’ त्यावर आजोबा काही बोलत नसत. आणखी एक गोष्ट ती हसत सांगे. सागाच्या राज्यात जन्म काढलेल्या या माणसाच्या घराला सागाचा एकही दरवाजा नव्हता. चौकटी बाभळीच्या, दारं आंब्याच्या फळ्यांची. विकत घेतलेल्या सागाचीही पावती कुणी तरी मागेल, आणि मागितली नाही तरी गाव काय म्हणेल, याची त्यांना धास्ती.

हा हातोडा आला कुठून, हे मला पुढे पुस्तकांत सापडलं. आजोबांना त्याचं मूळ ठाऊक नसलं तरी त्यामागचं गणित ते उत्तम जाणत होते.

ते गणित या देशात आणणाऱ्यांतला मोठा माणूस जर्मन होता. डीट्रिश ब्रांडिस, वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ साली तो ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनात नोकरीला आला. जंगलात किती साग आहे याचा अंदाज कुणालाच नव्हता. व्यापारी मिळेल तिथून तोडत होते. ब्रांडिस हत्तीवर बसून जंगल फिरला. पावसात कागद टिकत नाही, म्हणून हातात काठ्या. झाडांचे गोलाईप्रमाणे वर्ग पाडलेले, एका वर्गाला एक काठी, आणि दिसेल त्या झाडासाठी चाकूने एक खाच. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजून वहीत उतरवायच्या. अशी महिनोन् महिने झाडं मोजून त्याने ठरवलं की बारक्या झाडांतून दर वर्षी जेवढी मोठी होतात तेवढीच मोठी तोडायची. मुद्दल शिल्लक ठेवून व्याजावर जगावं, तसं. आज ज्याला शाश्वत लाकूड म्हणून प्रमाणपत्रं देतात त्याचा पाया एवढाच आहे. १८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

गणित चोख होतं. घोटाळा मालकीत झाला.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी देशभर झाडं पडू लागली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. सरकारला लाकूड हवं होतं, आणि लाकूड हवं तर जंगल आपलं असल्याचा कागद हवा होता. १८६५ साली पहिला वनकायदा आला, १८७८ साली दुसरा, जास्त कडक. या दुसऱ्या कायद्याआधी अधिकाऱ्यांत जोराचा वाद झाला. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं की लोक पिढ्यान् पिढ्या जंगल वापरत आले ते राजाच्या मर्जीने. मर्जी म्हणजे हक्क नव्हे, म्हणून सगळं सरकारचं. मद्रास सरकारने याला साफ विरोध केला. ब्रांडिस मधल्या वाटेचा होता. मोलाचं जंगल सरकारने राखावं, पण गावांना त्यांची स्वतःची वनं द्यावीत, असं त्याचं मत. कायद्यात ग्रामवनाचं कलम आलंही. ते कलम १९२७ च्या कायद्यात अठ्ठाविसावं आहे आणि बहुतेक काळ नुसतं छापलेलं राहिलं.

गुरं घेऊन रानात जाणाऱ्या शेतकऱ्यावर या कायद्यांनी काय वेळ आणली, हे मराठीत फार आधी आणि फार तिखट लिहिलं ते जोतीराव फुल्यांनी, १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना त्यांनी जंगलखात्यालाही सोडलं नाही. वनकायद्यावर बोलणारे आजचे अभ्यासक इंग्रजी पुस्तकांचे दाखले देतात. फुले घरचे असून राहून जातात.

आजोबा ज्या कायद्याखाली नोकरी करत होते तो १९२७ चा भारतीय वन अधिनियम. तो आजही लागू आहे. त्याची उद्देशिका एकदा सवडीने वाचावी. वनांविषयीचा कायदा, वनोपजाची वाहतूक आणि लाकडावरचा कर यांचं एकत्रीकरण करणं, हा त्याचा हेतू. जंगल राखण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. आणि एकोणसत्तरावं कलम तर नाकेदाराचं ब्रह्मास्त्र. वनोपज सरकारचा की दुसऱ्या कुणाचा असा प्रश्न आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचा समजायचा. चोरी केली नाही हे सिद्ध करायचं काम ज्याच्या डोक्यावर मोळी आहे त्याचं. आजोबांना कलमाचा नंबर पाठ नव्हता. ते म्हणायचे, ‘‘आमच्या खात्यात आधी माल जप्त होते, मंग चौकशी होते.’’

या कायद्याविरुद्ध विदर्भ उठला तो १९३० साली. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला, पण विदर्भाला समुद्र नाही. मग कायदा मोडायचा कोणता? बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापून अटक करून घेतली आणि जंगल सत्याग्रह सुरू झाला. डॉ. हेडगेवारांनीही त्याच महिन्यात यवतमाळकडे हा सत्याग्रह करून तुरुंगवास घेतला. तिकडे कोकणात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसं मेली. एक गोष्ट मला नेहमी जाणवते. पुसदचा विळा गवताला लागला. शहरातून आलेल्या पुढाऱ्यांच्या दृष्टीने ते प्रतीक होतं, आणि आसपासच्या गावांच्या दृष्टीने तो बैलांचा चारा होता. म्हणून पुढारी तुरुंगात गेल्यावरही लोक कापत राहिले.

आजोबांच्या आठवणीत हा सत्याग्रह पोरवयातला, ऐकीव. त्यांच्या मनात जास्त ठसलं होतं ते नदीपलीकडचं. आमच्याकडून वर्धा किंवा प्राणहिता ओलांडली की निजामाची हद्द, आदिलाबादचं जंगल. तिथे कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने निजामाच्या जंगलखात्याविरुद्ध बंड केलं आणि १९४० साली जोडेघाटला तो पोलिसांच्या गोळीने पडला. आजोबा पुढच्याच वर्षी नोकरीला लागले. बीटातल्या गोंड मजुरांशी बोलताना भीमाचं नाव कुणी काढत नसे. ‘‘पण मी कूपात गेलो की चूप होऊन जात,’’ आजोबा सांगायचे. ‘‘मले समजे, कायची गोष्ट चालू होती ते.’’

त्या चूप बसणाऱ्यांतले एक म्हातारे मला पुढे भेटले, आलापल्लीच्या बाजूला. वय त्यांनाही नेमकं ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही तेच म्हटलं. मी कुणाची नात हे कळल्यावर त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि मग बाजेवर जागा करून दिली. तरुणपणी ते कूपात आरी ओढत. कमलापूरच्या हत्तींना ओंडके ओढताना त्यांनी पाहिलं आहे. हत्तींचा तो कॅम्प अजून आहे. आता शहरातले लोक तिथे फोटो काढायला जातात, हत्तींना ओढायला लाकूड नाही.

दादा म्हणाले, ‘‘झाड आम्ही पाडलं, छाटलं, गाडीवर चढवलं. अन् घरच्या छपराले बल्ली आणली तं पीओआर फाडला.’’ पीओआर म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला कागद. आमच्याकडे तो लिहीत नाहीत, फाडतात. मी विचारलं, निस्तार होता ना? मध्यप्रांतात निस्तार हक्क होते: घराला बल्ल्या, बांबू, जळण सवलतीत. दादा म्हणाले, होता, पण बल्ली डेपोत, डेपो दोन दिवसांच्या वाटेवर, आणि डेपोतला माणूस तिसऱ्या दिवशी येणार. मग कोंबडं. कोंबडं दिलं की बल्ली जंगलातूनच मिळे. मी आजोबांच्या नोकरीतल्या कोंबड्यांचा विषय काढायला धजले नाही. दादांनीच काढला. ‘‘तुझा आजा कोंबडं घेत नव्हता,’’ ते म्हणाले, आणि लगेच पुढे, ‘‘म्हणून त्याच्याकडून बल्लीबी नाही भेटे.’’

यावर काय बोलणार? प्रामाणिक नाकेदार लोकांना जास्त जड जात होता, कारण तो जो कायदा प्रामाणिकपणे पाळत होता तो त्यांच्याकरता लिहिलेलाच नव्हता.

स्वातंत्र्य आलं आणि आजोबांच्या टोपीवरचा बिल्ला बदलला. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने तर असं मानलं की एखादं गाव जंगलाला लागून आहे हा निव्वळ योगायोग. त्यापायी साऱ्या देशाच्या हक्काला धक्का लागता कामा नये. म्हणजे आलापल्लीच्या गोंडांचं आलापल्लीत असणं योगायोग, आणि मुंबईच्या गोदीला आलापल्लीचं लाकूड लागणं राष्ट्रहित. हे ऐकायला बेडन-पॉवेल हवा होता, खूश झाला असता.

याच काळात खासगी सागावर धाड पडली. जमीनदारी-मालगुजारी जाणार हे दिसताच मालकांनी व्यापाऱ्यांना जंगलं विकून टाकली. गोंड शेतकऱ्याच्या बांधावरचा साग तर मातीमोलाने गेला. दादांच्या वडिलांनी बांधावरची झाडं एका व्यापाऱ्याला दिली. किती होती ते कुणी मोजलं नव्हतं. मोबदल्यात आलं एक धोतर, मिठाचं पोतं आणि काही रोख. अशा किती बांधांवरून साग गेला याचा हिशेब नाही, पण तो गेल्यावर कायदा आला. १९६४ साली झाडतोड नियमनाचा महाराष्ट्राचा कायदा, ज्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, मोह, हिरडा, खैर, ऐन अशी सोळा झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६९ साली आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीचा वेगळा कायदा झाला. व्यापाऱ्याने थेट आदिवासीकडून झाडं घ्यायची नाहीत. जिल्हाधिकाऱ्यामार्फत, वनखात्याच्या देखरेखीखाली विक्री. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. आजोबा या कायद्यावर मनापासून खूश होते. त्यांना धोतर आणि मिठाचं पोतं माहीत होतं.

पण हेतूचं पुढे काय झालं ते माझ्या मामाने भोगलं. त्याच्या शेताच्या कडेला वडिलांनी लावलेला साग. मुलीचं लग्न काढलं तेव्हा तो विकायचं ठरलं. सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी, ती नव्हती. नोंद करायला तलाठी, हद्द ठरवायला मोजणी, मोजणीचा नकाशा, मग वनखात्याची पाहणी, पंचनामा, तोडीची परवानगी, मग हातोडा, मग टीपी. लग्न लागलं, पाचवी-परतावण झाली, मुलीला मूल झालं, साग उभाच. शेवटी एका ठेकेदाराने ‘कागद मी पाहतो’ म्हणत निम्म्याहून कमी भावात तो नेला. तेव्हा मामा जे म्हणाला ते विदर्भातल्या कुठल्याही कास्तकाराकडून ऐकायला मिळेल: सागाचं रोप शेतात आपोआप उगवलं तर विळ्याने छाटावं, मोठं झालं की ते सरकारचं होते. झाडं वाचवण्याच्या कायद्याने असं किती रोपांना मारलं, ते कुठल्या अहवालात सापडणार नाही.

सरकारला स्वतःला मात्र लाकूड हवंच होतं. १९७४ साली वनविकास महामंडळ निघालं, नागपूर मुख्यालय. मिश्र जंगल साफ तोडायचं आणि जागी सागाची रांगेत रोपवनं. आजोबांना निवृत्तीनंतर मुलांनी एकदा असं रोपवन दाखवायला नेलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘हिशेबाले सोपं आहे.’’ मोह नाही, तेंदू नाही, चार नाही, बिबा नाही. बाईला उन्हाळ्यात टोपलीत भरून आणायला काही नाही. त्यांनी जन्मभर फक्त साग मोजला होता, पण जंगलात साग सोडून काय काय असतं हे त्यांना पाठ होतं.

त्यांनी मोजलेलं जुनं जंगल बघायचं असेल तर आलापल्लीला सहा हेक्टर राखून ठेवलंय. वनवैभव म्हणतात. महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ, २०१४ सालचं. तिथला साग पाहायला मान इतकी मागे न्यावी लागते की टोपी पडते. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर. बाकी कुठे गेलं, हे विचारायला जुनी स्टेशनं, जुन्या कचेऱ्या आणि जुने वाडे यांच्याकडे जावं.

१९८० नंतरचा इतिहास आजोबांच्या ऐवजी मला बल्लारपूरच्या एका सॉ मिलवाल्या सेठजींनी सांगितला. कच्छी पटेल. विदर्भातल्या किती तरी आरागिरण्या या समाजाच्या; दोन-तीन पिढ्या इथे राहून मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज. सेठजी म्हणायचे, तीन तारखांनी आमचा धंदा ठरवला. पहिली १९८० ची, वनसंवर्धन कायदा. केंद्राच्या परवानगीशिवाय राज्याला वनजमीन दुसऱ्या कामाला देता येईना. दुसरी १९८८ ची, नवी वननीती. तिने १९५२ चं तोंड एकदम फिरवलं: आधी पर्यावरण, मग जंगलाजवळच्या लोकांच्या गरजा, आणि महसूल शेवटी, कारखान्यांना स्वस्त लाकूड-बांबू देणं बंद करा, त्यांनी शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावं.

तिसरी तारीख १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन तिरुमुलपाड हे केरळातल्या निलंबूरच्या कोविलकमचे, म्हणजे राजघराण्यातले, वृद्ध गृहस्थ. निलगिरीतल्या गुडलूरला चाललेली तोड पाहून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निलंबूर हे तेच गाव, जिथे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी सागाचं पहिलं मोठं रोपवन उभं केलं. प्रकरण एका डोंगराचं, आदेश अख्ख्या देशाचा: मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगल, आणि मंजूर कार्य आयोजनेशिवाय कुठेही तोड नाही. पुढे नव्या सॉ मिलना परवानेही जवळपास बंद झाले. सेठजींचा जुना परवाना म्हणजे त्यांच्या भाषेत ‘जहागिरी’ झाली. नवा कुणी येत नाही, आणि कापायला लाकूडही येत नाही.

मग लाकूड आलं कुठून? नव्वदीत आयात खुली झाली होती. गांधीधामच्या बाजूला कांडला बंदरावर मलेशियाचे, न्यूझीलंडचे ओंडके उतरू लागले. बर्मा सागाचा जोर होता तो म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद करेपर्यंत. आता घाना, इक्वेडोर, पनामा. सेठजी बारक्या आफ्रिकन सागाच्या ओंडक्यावर बूट आपटून म्हणाले, ‘‘पोट्टं आहे हे, वीस वर्षाचं. रंग बी नाही धरला.’’ आपलं जंगल वाचलं हे खरं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण कुणाचं तरी तुटलं, आणि तिथे हातोडा कुणाचा होता, हे पुण्याच्या फ्लॅटचा दरवाजा बसवताना कोण विचारतो? देशातलं बहुतेक लाकूड आज शेतांतून येतं. हरियाणातल्या यमुनानगरच्या प्लायवूड गिरण्या शेतकऱ्याच्या पॉप्लरवर आणि निलगिरीवर चालतात. त्या झाडांना टीपीचा जाच नव्हता म्हणून शेतकऱ्यांनी ती लावली. साग लावला असता तर त्यांचीही गत माझ्या मामासारखी झाली असती.

बांबूची गोष्ट निराळी, आणि या सगळ्यात मला ती एकच उमेद देते. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. बल्लारपूरच्या कागद गिरणीला तो सवलतीच्या दरात ट्रकने जायचा आणि टोपली विणणाऱ्या बुरडाला कार्डावर मोजून मिळायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात बांबू गौण वनोपजात धरला आणि तो गोळा करून विकायचा हक्क गावाला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरांचा सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावच्या अभ्यासगटांची त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती. हक्क मिळाला, पण टीपी मिळेना. बांबू तुमचा, वाहतुकीचा पास आमचा. पासाशिवाय बांबू गावाबाहेर काढला तर चोरी. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. देशात असं पहिल्यांदा घडलं. आजोबा असते तर त्यांना आधी धक्का बसला असता, आणि मग त्यांनी पुस्तकाचे नंबर तपासले असते. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबूही झाडांच्या व्याख्येतून निघाला.

दादांना मी मेंढ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘‘बांबू दिला. साग कुठी दिला?’’

त्यांचा प्रश्न बिनचूक होता. वनहक्क कायद्याने गावाला दिलेल्या वनोपजात लाकूड नाही. ज्या गावाने हजारो हेक्टर जंगल आगीपासून आणि चोरापासून राखायचं, त्याचा त्या जंगलातल्या सगळ्यात महाग वस्तूवर हक्क नाही. नव्या संसद भवनासाठी नागपुरातून सागवान गेलं; २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत निघालं, गावोगाव लोकांनी त्यावर फुलं टाकली. माझी आत्याही गेली होती. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ज्या सभागृहात वनकायदे होतात त्याचं सागवान जिथून गेलं, तिथल्या ग्रामसभेला त्या लाकडाचा भाव कळत नाही.

मला हातोडा मोडायचा नाही. दादांच्या वडिलांकडून झाडं नेणारा व्यापारी अजून जिवंत आहे, फक्त त्याच्याकडे आता मोबाईल आहे. हातोडा नसता तर सहा हेक्टरही उरलं नसतं. ब्रांडिसचं गणितही हवंच: वाढेल तेवढंच तोडायचं. केंद्राने २०२३ साली देशभर एकच ऑनलाइन पास चालेल अशी सोय केली, तीही चांगली. पण ते सगळं वाहतुकीबद्दल आहे, १९२७ च्या उद्देशिकेसारखंच.

करायला हव्यात त्या दोन गोष्टी. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात लावलेला साग सातबाऱ्यावर एकदा नोंदला की तो विकायला दुसरी परवानगी लागू नये. आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाच्या हद्दीत वनखातं जेव्हा साग मोजायला जाईल, तेव्हा कुठलं झाड पडायचं आणि कुठलं राहायचं या कागदावर ग्रामसभेची सही हवी, आणि लिलावाच्या रकमेतला हिस्सा तिच्या खात्यात थेट जमा व्हायला हवा. मेंढ्याच्या ग्रामसभेला टीपीचं पुस्तक मिळालं त्याला आता दशकाहून जास्त काळ लोटला. त्या पुस्तकावर साग अजून लिहिता येत नाही.